अनामत भरली म्हणून शस्त्रक्रिया करून घेणे बंधनकारक नाही

प्रश्न : गेल्या वर्षी आंब्याच्या हंगामात घरी रस आटवताना उकळता रस उडून माझ्या 19 वर्षांच्या मुलीची मान आणि उजवा हात भाजला. जखमा भरल्या, पण मानेची कातडी आखडल्यामुळे तिची हनुवटी पूर्ण वर होत नाही. मोबाइलवरची जाहिरात पाहून आम्ही कणकवलीत एका लॉजवर भरलेल्या शिबिराला गेलो. मुंबईच्या त्या दवाखान्याने 1,80,000 रुपये खर्च सांगितला. 60,000 रुपये अनामत आम्ही तिथेच भरली आणि संमतिपत्रावर मी सही केली. पुढे नात्यातल्या एका परिचारिकेच्या सांगण्यावरून वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पाहिले, तर डॉक्टरांच्या नावापुढे फक्त एमबीबीएस आहे. शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आली आहे. दवाखाना पैसे परत देणार नाही म्हणतो आणि घरचे म्हणतात, पैसे भरलेच आहेत तर करून घ्या. पावती व संमतिपत्राचे फोटो पाठवत आहे. – एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, आधी शस्त्रक्रिया थांबवा, पैशांचे नंतर पाहू. साठ हजार रुपये मागण्याचे रस्ते कायद्यात आहेत आणि त्यासाठी पुरेसा अवधीही आहे. मानेवरची शस्त्रक्रिया बिघडली तर भरपाई मिळेलही, पण मान पूर्ववत करून देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. शस्त्रक्रिया होईपर्यंत रुग्णाला संमती केव्हाही मागे घेता येते. म्हणून आजच मुलीच्या सहीने, दिलेली तारीख रद्द करावी असे दोन ओळींचे पत्र दवाखान्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा.

मुलीच्या सहीने, असे मी मुद्दाम लिहिते आहे. आपण पाठवलेल्या संमतिपत्रावर आपली सही ‘नातेवाईक’ या ओळीवर आहे आणि ‘रुग्ण’ ही ओळ कोरीच आहे. मुलगी 19 वर्षांची, म्हणजे कायद्याने सज्ञान आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान व्यक्तीच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008 च्या निकालात, रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने अपुरी ठरवली, आणि उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय समजल्यावर दिलेली संमतीच खरी, असेही सांगितले. आपल्याकडचा कागद या कसोटीला उतरत नाही.

आता पावती पाहू, कारण आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तीच आहे. वर डॉक्टरांच्या नावाखाली ‘कॉस्मेटिक व प्लास्टिक सर्जन’ असे छापले आहे, पुढे कसल्याशा फेलोशिपची अक्षरे आहेत, पण नोंदणी क्रमांक कुठेही नाही. वैद्यकीय व्यावसायिकांच्या वर्तनाविषयीच्या 2002 च्या विनियमांप्रमाणे तो क्रमांक पैशांच्या पावतीवरसुद्धा असावा लागतो, आणि त्या शाखेची विशेष पात्रता नसताना स्वतःला विशेषज्ञ म्हणवून घेण्यास डॉक्टरांना मनाई आहे. एमबीबीएस म्हणून नोंदवहीत नाव असलेले डॉक्टर नोंदणीकृतच असतात, तेव्हा पत्रात किंवा गावात बोलताना ‘बोगस डॉक्टर’ हा शब्द वापरू नका. उच्च पदवी मिळूनही तिची नोंद करायची राहिली, असेही क्वचित घडते. म्हणून पदवीची आणि तिच्या नोंदणीची प्रत लेखी मागा. शिबिरात काढलेली छायाचित्रे व तपासणीचे कागदही मागा. मागणीनंतर 72 तासांत ते द्यावेत असे त्याच विनियमांत आहे.

पावतीवर ‘स्कार कॉस्मेटिक पॅकेज’ लिहून जीएसटी लावला आहे, तो तपशील आपल्या नजरेतून सुटला असावा. आरोग्यसेवेला या करातून सूट आहे. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीला ती मिळत नाही. मात्र जन्मजात व्यंग किंवा इजा यांमुळे बिघडलेली शरीराची रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी शस्त्रक्रिया असेल, तर सूट लागू होते. भाजण्याने आखडलेली मान मोकळी करणे हे दुसऱ्या प्रकारचे काम आहे. दवाखान्याने एक तर हे काम केवळ सौंदर्याचे मानले, किंवा कर चुकीचा लावला. दोन्हींचा जाब विचारता येतो. आरोग्य विम्यातही हाच फरक लागू होतो : कॉस्मेटिक सर्जरी सहसा वगळलेली असते, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला ते वगळणे लागू होत नाही. घरात विमा पॉलिसी असेल तर तेवढे कलम वाचून पाहा.

पैशांसाठी पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस द्या. चुकीच्या माहितीवर मिळवलेली संमती करार कायद्याच्या कलम 19 नुसार करार रद्द करण्यास पुरेशी असते, आणि कलम 65 प्रमाणे मिळालेला लाभ परत करावा लागतो. दवाखान्याचे वकील म्हणतील की नोंदवही सर्वांना खुली होती, आपण आधी का पाहिली नाही? त्यावर उत्तर असे, की पात्रता नाही हे ठाऊक असून विशेषज्ञ असल्याचे छापणे ही सरळ फसवणूक आहे आणि सरळ फसवणुकीला तो बचाव मिळत नाही. ‘अनामत परत मिळणार नाही’ या शिक्क्याने ही जबाबदारी टळत नाही. तपासणीपोटी वाजवी रक्कम कापून ते उरलेली देत असतील, तर माझ्या मते तडजोड करावी.

नाही दिली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ओरोसला, सिंधुदुर्गनगरीतील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येईल. दवाखाना मुंबईचा असला तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, मुदत दोन वर्षांची आहे आणि भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याचे संदेश आणि मूळ मोबाइल जपून ठेवा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची तक्रार वेगळी. ती डॉक्टरांवर कारवाई करू शकते, आपले पैसे वसूल करून देत नाही.

पुढचे डॉक्टर निवडताना एमसीएच किंवा डीएनबी (प्लास्टिक सर्जरी) ही पात्रता परिषदेच्या नोंदवहीत स्वतः पाहा. मुंबईचे केईएम किंवा आपल्याकडच्या लोकांच्या नेहमीच्या वाटेवरचे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज इथे या शाखेचे विभाग आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना विचारा. भूल कोण देणार, हेही विचाराच : मान आखडलेली असली की भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते, आणि अनुभवी भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभाग नसलेल्या जागी हे काम होऊ देऊ नये. कातडी बसवल्यावर पट्टे आणि व्यायाम अनेक महिने करावे लागतात. त्यासाठी देवगडहून किती फेऱ्या होतील, हे आधीच विचारून घ्या. आणि त्या भेटीत बोलू द्या मुलीला. हनुवटी उचलताना नेमकी कुठे ओढ बसते, हे तिनेच डॉक्टरांना सांगावे, आणि मराठीतले संमतिपत्र वाचून ‘रुग्ण’ या ओळीवर तिनेच सही करावी.