आधी वय, मग समज

ताई, किशोरवयीन मुलामुलींच्या समुपदेशनाचे काम आपण बीडसारख्या जिल्ह्यात हाती घेतले, याचा मनापासून आनंद वाटतो. शरीरसंबंधांसाठी कोण परिपक्व आहे, हे ठरवताना सुरुवात वयापासूनच करा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाची वा मुलीची संमती ग्राह्य नाही, आणि लग्न लावून दिले तरी त्यात फरक पडत नाही. ऊसतोडीला जाण्याआधी मुलीला उजवू पाहणारे आईवडील तिला पाळी आली, भाकरी थापता येतात, असे सांगतात. ते ऐकून तिला जाणती समजणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

वय पूर्ण झालेले असेल, तर एवढेच पाहा:
- तिला किंवा त्याला न घाबरता ‘नको’ म्हणता येते का, आणि समोरच्याचा नकार राग न धरता ऐकता येतो का?
- गर्भनिरोधनाविषयी जोडीदाराशी मोकळेपणाने बोलता येते का?

हे प्रश्न एकांतातच विचारा, कारण आईसमोर मुलगी नुसती मान हलवते. मात्र अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचार कळला, तर तो पोलिसांना कळवणे बंधनकारक असल्याने, सगळेच गुपित ठेवता येणार नाही, हे तिला बोलण्याआधीच सांगा आणि १०९८ हा बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांकही द्या.