पहिली सुरी जुन्या कानशीची कर

पहिली सुरी ट्रकच्या कमानपाट्याची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीची, करायचा विचार असेल तर तो नाद तूर्त सोड. पोलाद उत्तम, पण जाड. ते घासून पातळ करताना हात गळून येतील, शिवाय वापरून थकलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. ठाण्यात वागळे इस्टेटकडच्या भंगारवाल्याकडे जुनी, चांगल्या कंपनीची कानस (लोखंड घासायचं हत्यार) माग. स्वस्त कानशी काही वेळा फक्त वरवर कडक असतात. तो बांधकामाची सळई गळ्यात मारू पाहील, घेऊ नकोस. तिच्यात कार्बन कमी, पाणी चढत नाही, म्हणजे तापवून बुडवली तरी कडक होत नाही.

कानस आधी मऊ कर: लाल तापव आणि रात्रभर राखेत पुरून ठेव. मग आकार दे, पण धारेची कड दीड मिलिमीटर जाड राख, नाहीतर पुढे वाकेल किंवा तडकेल.

पाणी द्यायचं ते कोमट तेलात. साधारण ७७० अंशांना पोलादाला लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याहून जरा जास्त तापव आणि टोक खाली धरून सरळ बुडव. तेल भडकतं. लोखंडी झाकण हाताशी हवं, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत हे उद्योग अजिबात नकोत. सोसायटीचा सेक्रेटरी नंतर ओरडेल, आग आधी लागेल.

आता पातं काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं, पडलं तर तुकडे. म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर, दोन-दोन तास, दोनदा.

मूठ सागाची चालेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे पोलाद रात्रीत गंजतं. वापरून झालं की पुसून खोबरेल लाव.