क्लिक नको, लेहरा द्या

प्रश्न : मी सांगलीत राहतो, वय २४. बेडरूममध्येच लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक आहे. वर लावणीचा बाज आणि खाली ट्रॅपचा (हिपहॉपचा एक प्रकार) ८०८ बेस (ड्रम मशीनचा लांब घुमणारा खालचा आवाज), असं गाणं बांधतोय. आमच्या गल्लीतले एक काका पूर्वी तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. त्यांना ब्लूटूथ हेडफोनवर १०० बीपीएमचा (मिनिटाला १०० ठोके) क्लिक, म्हणजे लय धरणारी टकटक, देऊन केरवा (आठ मात्रांचा ताल) रेकॉर्ड केला. सगळा टेक मागे पडलाय. क्वान्टाइझ केलं (सॉफ्टवेअरनं प्रत्येक थाप लयीच्या रेषेवर बसवली) तर ढोलकी मेल्यासारखी वाटते. शिवाय ८०८ सुरू झाला की ढोलकीची डावी बाजू ऐकूच येत नाही. काकांना पुन्हा बोलवायला संकोच वाटतो. काय करू?

उत्तर : संकोच कसला, माफी मागायची ती तुम्ही. काकांचा हात मागे पडलेला नाही, गडबड बहुधा त्या हेडफोनची आहे. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोचायला सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद जातात. १०० च्या लयीत एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. म्हणजे काकांना क्लिकच पाव ठोका उशिरा ऐकू येत होता आणि ते बिचारे इमानानं त्याच्याबरोबर वाजवत होते!

आता टेक उघडा. सुरुवातीची एक सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) आणि शेवटाकडची एक सम क्लिकपासून किती लांब आहेत ते मोजा. अंतर सारखं असेल तर अख्खा टेक तेवढा अलीकडे सरकवा, काम झालं. अंतर बदलत असेल तर वायरचे हेडफोन आणा आणि पुन्हा बसा.

सरकवल्यावरही काही थापा रेषेच्या अलीकडे-पलीकडे दिसतील. त्यांना हात लावू नका. केरव्याच्या आठ मात्रा कागदावर सारख्या असतात, बोटांत नसतात. ‘धागेनती नकधिन’ स्वतः म्हणून बघा, माझ्या तोंडात तरी ‘नक’ जरा घाईनंच येतं. क्वान्टाइझ केल्यावर मरतं ते हेच. उलटं करा : ढोलकीवरून ग्रूव्ह (थापा पुढेमागे पडण्याचा नमुना) काढून तो हायहॅटला (ट्रॅपमधली बारीक झांज) लावा. एबलटन आणि लॉजिक, रेकॉर्डिंगच्या या दोन्ही सॉफ्टवेअरांत ही सोय आहे. यंत्रानं काकांच्या मागून चालायचं.

पुढच्या बैठकीला क्लिक देऊच नका. क्लिक स्वतः ऐका, त्यावर हार्मोनियमचा आठ मात्रांचा साधा लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) वाजवून ठेवा आणि काकांना फक्त लेहरा ऐकवा. ही अक्कल मला ठाण्याच्या वन-बीएचकेमध्ये आली. एका ज्येष्ठ ढोलकीवाल्यांनी पंधरा मिनिटं क्लिक सहन केला, मग हेडफोन काढून म्हणाले, “हे टकटक करतंय कोण? त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.” लेहऱ्यावर दुसऱ्याच टेकला काम फत्ते. (मागे कुकरची एक शिट्टी आहे. ती आम्ही ठेवली.)

८०८ चं म्हणाल तर आधी तो पट्टीत लावा. हे फार जण विसरतात आणि मग गाणारा बेसूर वाटतो. पट्टी काळी एक असेल तर खाली षड्ज सुमारे ३५ हर्ट्झला आणि त्याच्या वरचा ६९ ला येतो. पस्तीसचा आवाज फोनच्या स्पीकरमधून निघत नाही, म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी खरखर देणारा इफेक्ट) द्या, वरचे स्वरांश कानाला खालचा सूर सुचवतात.

खरी अडचण वेगळी आहे. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा आणि ८०८ चं लांब घसरणं, दोघं एकच काम करतात. डावी थाप पडली की बेस दबेल असं साइडचेन लावता येतं, पण मी तर तोड्यात (ढोलकी एकटी जोरात वाजते तिथे) ८०८ बंदच ठेवीन. ठेक्यात (तालाच्या साध्या चालीत) त्याला फक्त समेवर बोलू द्या.

खोलीचं फारसं मनावर घेऊ नका. काकांच्या पाठीशी गादी उभी करा, पंखा बंद करा, माइक ढोलकीपासून हातभर लांब.

गाण्याच्या शेवटी लावणीसारखी लय चढवायची असेल तर १०० वरून १०८ वर न्या. ट्रॅपवाले मित्र नाक मुरडतील, मुरडू देत.

मानधन टेकच्या आधी, हातात. क्रेडिटमध्ये ‘ढोलकी’पुढे काकांचं पूर्ण नाव. आणि ती क्वान्टाइझ केलेली फाइल त्यांना चुकूनही ऐकवू नका.