जीबीएसमध्ये (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते तो आजार) सायटोकाइन (प्रतिकारशक्तीच्या पेशी सोडतात ते निरोप्या रेणू) वाढतात, तर स्टिरॉइड देऊन ते दाबून का टाकत नाहीत?

कारण जीबीएसमध्ये नुसते सायटोकाइन मारामारी करत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड भागात केसेस वाढल्या तेव्हा काही पेशंटमध्ये कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला होता, आठवत असेल. त्या जंतूच्या आवरणावरची साखर आणि आपल्या नसेवरचं जीएम१ गँग्लिओसाइड (साखर जोडलेला एक स्निग्ध रेणू) दिसायला जवळपास सारखंच, त्यामुळे जंतूसाठी बनलेल्या अँटीबॉडीज नसेलाही चिकटतात, मग कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन्स तिथे जमून नसेच्या पडद्याला अक्षरशः भोकं पाडतात. टीएनएफ-अल्फा, आयएल-६ वगैरे सायटोकाइन मंडळी आग वाढवतात, रक्त आणि नस यांच्यामधली भिंत सैल करतात, पण ती एकटी दोषी नाहीत. स्टिरॉइड ट्रायल्समध्ये वापरून झालंय, जीबीएसला फायदा दिसला नाही (सीआयडीपी या जीबीएसच्या रेंगाळणाऱ्या भावंड-आजाराला मात्र ते लागू पडतं, गंमतच आहे). म्हणून आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला अँटीबॉडीज असलेला द्रव काढून बदलणं), तेही शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. आयव्हीआयजीचा एकूण डोस किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या, बिल का फुगतं ते कळलं असेल.

आणि सरसकट दाबणं अंगाशी येतं बरं का, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार) टीएनएफ रोखायचं औषध देऊन बघितलं तर आजार उलट चिघळला, कारण टीएनएफ मायलिनच्या (नसेवरच्या आवरणाच्या) दुरुस्तीतही हात लावतं. त्यामुळे यूट्यूब बघून "सायटोकाइन कमी करणारे" काढे पेशंटला पाजू नका, आधी न्यूरोलॉजिस्ट गाठा.