धुक्यात जमिनीवरची वाट

प्रश्न: दाट धुक्यात उतरल्यावर वैमानिकाला पुढची वाट कशी सापडते?

उत्तर: मला हवेतल्यापेक्षा जमिनीवरच्या धुक्याचीच धास्ती जास्त. टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या विमानांच्या रस्त्याच्या, मधोमध हिरवे दिवे असतात. काचेतून कधी तीन-चारच दिसतात, तेवढ्यांच्या भरवशावर हळूहळू सरकायचं. सहवैमानिक नकाशा पाहत प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतो. धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची आडवी ओळ असते, तो स्टॉप बार. तो पेटलेला असताना नियंत्रक 'या' म्हणाला तरी मी ब्रेक सोडत नाही, पुन्हा विचारते. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांना धडकली, 583 माणसं गेली. म्हणून टॅक्सीवेवर वाटेची जराशी शंका आली, की मी थांबते आणि रेडिओवर सरळ सांगते, 'आम्ही कुठे आहोत ते कळत नाही.' पहिल्यांदा हे बोलताना जीभ जड झाली होती.