स्क्रूजकडे भुते किती येतात?

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आठवी-नववीची मुले चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेवर अर्ध्या तासाचे नाटुकले बसवत आहेत. कवडीचुंबक स्क्रूजकडे नाताळच्या आदल्या रात्री नेमकी किती भुते येतात, तीन की चार, यावर मुलांत वाद आहे. ती एकाच रात्री येतात की तीन रात्री? सर्वांना ‘भूत’च म्हणावे का? शिवाय दुसऱ्या भुताच्या झग्याखालून निघणारी दोन मुले वेळेअभावी गाळली तर चालतील का?
– एक शिक्षिका, धारूर (जि. बीड)

उत्तर : दोन्ही बाजूंची मुले बरोबर आहेत. येणारे चौघे आहेत. पण मेलेल्या माणसाचे भूत एकच, ते म्हणजे स्क्रूजचा भागीदार जेकब मार्ले. कथेच्या सात वर्षे आधी, नाताळच्या पूर्वसंध्येलाच तो वारलेला आहे. उरलेले तिघे कधी जन्मून मेलेले नाहीत; ते नाताळ या सणाचीच तीन रूपे आहेत. डिसेंबर 1843 मध्ये निघालेल्या मूळ पुस्तकातील पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात मार्लेसाठी ‘घोस्ट’ हा शब्द आहे आणि पुढच्या तीन प्रकरणांच्या शीर्षकांत तिघांसाठी ‘स्पिरिट’ हा. मजकुरात मात्र डिकन्स हे शब्द इतके काटेकोर पाळत नाहीत, त्यामुळे घोळ होणे साहजिक आहे. मराठीत तो आणखी वाढतो, कारण ‘भूतकाळाचे भूत’ म्हटले की प्रेक्षक घाबरण्याऐवजी हसतील. माझी सूचना अशी, की ‘भूत’ हा शब्द मार्लेसाठी राखून ठेवावा आणि तिघांना ‘सरलेला नाताळ’, ‘आजचा नाताळ’ आणि ‘येणारा नाताळ’ अशी सरळ नावे द्यावीत. मार्लेला समंध म्हणण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. आपल्याकडचा समंध एका जागी बसून धन राखतो, मार्लेला मात्र ते ओढत जगभर भटकावे लागते.

त्याच्या कमरेभोवतीची साखळी गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपे, खतावण्या, दस्तऐवज आणि पोलादी थैल्या यांची आहे. मोंढ्यातील एखाद्या आडत दुकानातून जुन्या वह्या आणि मोडकी कुलपे मागून आणलीत, तर निम्मे नेपथ्य फुकटात होईल. मूळ कथेत त्याच्या आरपार पाहिले की कोटाच्या पाठीवरची दोन बटणे दिसतात. ते रंगमंचावर जमणार नाही, सोडून द्यावे. त्याच्या डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेले फडके मात्र सोडू नये. प्रेताचा जबडा वासू नये म्हणून तसे बांधतात, हे गावातील प्रेक्षकांना सांगावे लागणार नाही. तोवर स्क्रूज या भुताला ‘न पचलेल्या जेवणाचा परिणाम’ म्हणून हसण्यावारी नेत असतो. मार्ले ते फडके सोडतो, त्याचा जबडा छातीपर्यंत लोंबतो आणि स्क्रूज गुडघ्यांवर येतो. एवढा प्रसंग सावकाश करावा.

रात्रींच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच आहे. पहिला उद्या एकच्या ठोक्याला येईल, दुसरा परवा त्याच वेळी आणि तिसरा त्यापुढच्या रात्री बाराचा शेवटचा ठोका विरल्यावर, असे मार्ले सांगून जातो. स्क्रूज झोपतो तेव्हा दोन वाजून गेलेले असतात आणि जागा होतो तेव्हा घड्याळ बाराचे ठोके देते! शेवटी खिडकीतून विचारल्यावर कळते की बाहेर नाताळचाच दिवस आहे, म्हणजे सगळे एका रात्रीत उरकले. ही लेखकाची चूक नाही. हे ठोके पडद्यामागून ताटलीवर वाजवावेत, मुलांना गणित आपोआप कळेल.

आता त्या दोन मुलांविषयी. ती गाळू नयेत, असे माझे ठाम मत आहे. वेळ वाचवायचाच असेल तर स्क्रूजच्या भाच्याकडील मेजवानी कापावी. 1843 साली खाणी आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स आधी एक पत्रक लिहिणार होते, त्याऐवजी त्यांनी वर्षअखेर ही कथा लिहिली. हिरव्या झग्याच्या राक्षसी देहाच्या ‘आजच्या नाताळा’च्या पायांशी बिलगलेल्या त्या मुलाचे नाव अज्ञान आणि मुलीचे नाव अभाव आहे. दोघांपासून सावध राहा, त्यातही मुलापासून अधिक, असे तो बजावतो. यांना काही आसरा नाही का, असे स्क्रूज विचारतो तेव्हा ‘तुरुंग नाहीत का?’ हे स्क्रूजनेच दुपारी वर्गणी मागणाऱ्यांना ऐकवलेले शब्द तो त्याच्या तोंडावर मारतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की आपल्या वर्गातील किती बाक रिकामे होतात, हे धारूरच्या शिक्षिकेला मी काय सांगावे! या दोन भूमिकांना संवाद नाहीत, म्हणून उशिरा गावी परतणाऱ्या मुलांनाही त्या देता येतील.

‘येणारा नाताळ’ अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही. काळ्या वस्त्राखालून त्याचा फक्त एक हात दिसतो. थडग्यापाशी स्क्रूज गयावया करू लागतो तेव्हा तोच हात थरथरतो, त्यामुळे हे काम स्थिर हाताच्या मुलाला द्यावे, म्हणजे थरथर उठून दिसेल. शेवटी ही आकृती आक्रसत पलंगाच्या खांबात रूपांतरित होते, म्हणून नुसत्या बाजेवर भागणार नाही. बाजेला मच्छरदाणीच्या चार काठ्या बांधल्या तर खांबही होतील आणि पहिला पाहुणा जे पडदे बाजूला सारतो, त्यांचीही सोय होईल.