उरलेल्या पिल्लांचं काय करणार आहेस?

अगं,

तुझा मेसेज वाचला. फ्लॉवरहॉर्नची, म्हणजे वेगवेगळ्या जाती क्रॉस करून बनवलेल्या त्या हायब्रिड माशाची जोडी घ्यायची, टेरेसवर चार टँक लावायचे, पिल्लं विकून कॉलेजचा खर्च काढायचा, सगळा हिशोब मांडलायस आणि एकदम शेवटी जाता जाता विचारल्यासारखं, "काका, हायब्रिड करणं चुकीचं आहे का हो?" म्हणजे मनात कुठेतरी टोचतंय तर. बरंय. टोचत नसतं तर मी एवढं लिहायला बसलो नसतो.

आधी सांगतो, "हायब्रिड म्हणजे निसर्गाच्या विरुद्ध" हे वाक्य तुला पुण्यातल्या प्रत्येक मासेवाल्या ग्रुपमधे कोणीतरी ऐकवणार, आणि बहुतेक वेळा त्याच माणसाच्या घरी सोर्डटेल आणि गोल्डफिश असणार. दुकानातले सोर्डटेल आणि प्लॅटी जवळपास सगळेच एकमेकांत मिसळलेले आहेत, ते लाल भडक रंग त्यातूनच आले. गोल्डफिश तर चीनमधे हजार वर्षांहून जास्त काळ निवडून निवडून तयार केलेला मासा. त्यामुळे शुद्ध-अशुद्धच्या वादात पडूच नकोस, त्यातून हाताला काही लागत नाही. पण त्याच सोर्डटेल-प्लॅटीची दुसरी बाजू पण माहीत असू दे. प्लॅटीच्या अंगावरचे काळे ठिपके असतात ना, ते आणणारं जीन प्लॅटीत आवरलेलं असतं, त्याला आवरणारं दुसरं जीन तिथे असतं. सोर्डटेलशी क्रॉस केलं आणि त्या पिल्लांना परत सोर्डटेलशीच लावलं की काही पिल्लांत ठिपक्याचं जीन येतं, आवरणारं येत नाही, आणि त्या ठिपक्यांचा चक्क कॅन्सर होतो. १९२० च्या दशकात हे लक्षात आलं आणि तेव्हापासून कॅन्सरवर काम करणारे लोक हे मासे लॅबमधे ठेवतात. क्रॉस करताना आपण फक्त रंग मिसळत नसतो, एवढंच म्हणायचंय.

मग बघायचं काय? मी बघतो माशाला काय करता येतं ते. पोहता येतं का, तोंड मिटतं का, दिसतं का, खाणं स्वतःचं स्वतः मिळवता येतं का. तू एक काम कर, कुठल्याही दुकानात जाऊन ब्लड पॅरटच्या टँकसमोर उभी राहा आणि दाणे टाकायला सांग. हा मासा साधारण १९८६ च्या सुमारास तैवानमधे मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड गटातल्या माशांच्या क्रॉसमधून आला. नीट बघ, त्याचं तोंड उभ्या फटीसारखं आहे आणि ते पूर्ण मिटत नाही. दाणा तोंडाशी येतो, आत ओढतो, बाहेर टाकतो, परत ओढतो, कारण जबड्याने पकडता येत नाही, सगळं चावणं घशातल्या दातांवर. शेजारी साधा सिक्लिड असेल तर तो तेवढ्यात तीन दाणे खाऊन मोकळा. लोक हसतात, म्हणतात किती क्यूट तोंड आहे. मला नाही हसू येत. आणि त्यातले नर बहुतेक वांझ, म्हणजे ही विकृती आपोआप पुढे जात नाही, ती दर वेळी नव्याने क्रॉस करून माणसालाच बनवावी लागते.

बलून मॉलीचं पण तेच. ते गोल पोट म्हणजे खाऊन आलेली सुस्ती नव्हे, कणाच आखूड आणि वाकडा आहे, आतले सगळे अवयव त्या छोट्या जागेत दाबून बसलेत. बबल आय गोल्डफिशच्या डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या, फिल्टरच्या पाईपला घासली की फुटते, आणि पाठीवरचा पर ब्रीडिंगमधूनच नाहीसा केल्यामुळे सरळ पोहणं पण अवघड. फायटरमधे ड्रॅगन स्केल म्हणून जाड चमकदार खवल्यांची जात आहे, दिसते झकास, पण कित्येकदा ते खवले डोळ्यांवर चढतात आणि मासा हळूहळू आंधळा होतो. त्याला मार्केटमधे नाव काय दिलंय तर डायमंड आय! जर्मनीत प्राणी संरक्षण कायद्याचं कलम ११ ब आहे, ज्या ब्रीडिंगमधून पिल्लांना वेदना किंवा शारीरिक त्रास होणार हे आधीच कळतं त्यावर बंदी. आपल्याकडे २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने अ‍ॅक्वेरियम दुकानांसाठी नियम काढले होते, व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि ते मागे घेतले गेले. म्हणजे तुला अडवायला कोणी येणार नाहीये. जे काय ठरवायचं ते तुलाच.

आता तुझा फ्लॉवरहॉर्न. नव्वदच्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतले सिक्लिड क्रॉस करून बनवला, डोक्यावर मोठा गोळा, अंगावर काळी अक्षरांसारखी नक्षी, चिनी लोकांत तो लकी मानतात म्हणून भाव चढले आणि आपल्याकडे आल्यावर त्याचं "वास्तूसाठी उत्तम" झालं. शरीर म्हणून बघितलं तर पॅरटपेक्षा बरा, तोंड मिटतं, पोहतो जोरात, खातो हावरटासारखा. माझी अडचण माशाशी नाहीये, माझी अडचण तुझ्या हिशोबाशी आहे. तू लिहिलंयस एका वेळी इतकी पिल्लं, गुणिले इतका भाव. अगं, एका वेळी शेकड्यांनी अंडी देते ती, आणि त्यातून चांगला गोळा, चांगला रंग, चांगली नक्षी हे तिन्ही जमलेली पिल्लं अगदी थोडी निघतात. भाव मिळतो तो त्या थोड्यांनाच. बाकीची? वाकडी, रंग न चढणारी, मादी म्हणून कोणी न घेणारी, ती पण रोज खाणार आहेत, वाढणार आहेत, आणि हात दीड हात अंतरात दुसऱ्याला जिवंत ठेवत नाहीत. तुझ्या चार टँकमधे ती दोन महिन्यांनी मावणार नाहीत. त्या पिल्लांचं काय करायचं हे जोडी घ्यायच्या आधी ठरलं पाहिजे, नंतर नाही.

कारण नंतर काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघतोय. ब्रीडर माणूस वाईट नसतो, मारवत नाही म्हणून बादली घेऊन जातो आणि पाषाण तलावात नाहीतर मुठेत सोडून येतो, वर पुण्य केल्यासारखं सांगतो. टँकची काच साफ करतो म्हणून ठेवतात तो सकर मासा नदीत, धरणात कसा पोचला असेल? असाच. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर मातानो नावाचं जुनं खोल तळं आहे, तिथले काही मासे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, तिथे आता फ्लॉवरहॉर्न पसरलाय आणि तिथल्या माशांच्या जिवावर उठलाय. कोणीतरी सोडला म्हणूनच ना. (आपली महापालिका डासांसाठी गप्पी सोडते, मग मी सोडला तर काय, असं एकाने मला विचारलं होतं. गप्पी पण बाहेरचाच आहे बाबा, त्याचं उदाहरण घेऊन दुसरा गोंधळ कशाला घालायचा.)

आणि हे फक्त हौशी लोकांचं नाही हं. आपल्या मुळा-मुठेचं उदाहरण घे. कर्नल साईक्स म्हणून इंग्रज अधिकारी होता, त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं लिहिली, आणि दख्खनचा महसीर, टॉर खुद्री, त्याने आपल्या पुण्याजवळच्या याच नदीतल्या माशावरून जगाला सांगितला. त्याच जातीची पिल्लं लोणावळ्याच्या हॅचरीत गेली कित्येक दशकं तयार होतात, चांगल्या हेतूने, मासा टिकावा म्हणून. पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे पाठीला कुबड असलेला मूळचा महसीर आहे, तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि अभ्यासक त्यामागे जी कारणं सांगतात त्यात हा बाहेरून आणून सोडलेला महसीर पण आहे. शिकलेली माणसं, परवानगी, हेतू सगळं नीट असून असं झालं. आपण तर बादलीवाले.

तर पिल्लं मारावी लागतील. स्पष्टच लिहितोय कारण बाकी कोणी तुला हे सांगणार नाही, सगळे गोळ्याचे फोटो दाखवतील. संडासात फ्लश करणं, फ्रीजरमधे ठेवणं, बाहेर काढून तडफडत ठेवणं, हे करायचं नाही. केमिस्टकडे लवंगेचं तेल मिळतं, ते छोट्या बाटलीत कोमट पाण्यात जोरात हलवून मग पिल्लांच्या भांड्यात घालायचं, हात आखडता घ्यायचा नाही, अर्धवट डोसने नुसतीच गुंगी येते. कल्ले हलायचे थांबले तरी निदान दहा मिनिटं तसंच ठेवायचं. आणि जितकं लहानपणी कराल तितकं बरं, दोन महिने वाढवून मग नाही. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर ठीकच आहे, पण तुझ्याने होणार नसेल तर शेकड्यांनी अंडी देणारा मासा घेऊच नकोस, यात लाज वाटायचं काही नाही.

खरेपणाचं पण एक. एंडलर म्हणून छोटा मासा येतो, १९७५ साली एंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलात गोळा केलेला. गप्पीशी सहज क्रॉस होतो, पिल्लंही पुढे पिल्लं देतात, त्यामुळे आज दुकानात एंडलर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं गप्पी मिसळलेलं. मिसळण्यात वाईट काही नव्हतं, लपवण्यात होतं. ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याकडे मूळ लाईन टिकली. तू वही कर, कुठली जोडी, कुणाकडून आणली, कितव्या पिढीला भावंडं लावली, वाकडी किती निघाली. गिऱ्हाईकाने विचारलं तर वही दाखवायची. आणि कोणी म्हणालं की पॅरटला इंजेक्शनने रंग भरून दे किंवा शेपूट कापून हार्ट शेप करून दे, भाव दुप्पट देतो, तर त्याला दारातूनच परत पाठव, ते ब्रीडिंग पण नाही, नुसता छळ आहे.

मला विचारशील तर सुरुवात प्लाकाटने कर, आखूड परांचा फायटर. लांब परांचे हाफमून फोटोत भारी दिसतात पण तो एवढा पिसारा ओढत पोहताना दमतो, स्वतःचेच पर चावतो. प्लाकाट कसा सपकन वळतो बघ एकदा. खडकवासल्याचं पाणी तसं सॉफ्ट, फायटरला चालतं, फक्त क्लोरीन उडू दे. नर वेगळे करायची वेळ येते तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र बरणी आणि प्रत्येक बरणीचं पाणी बदलायचं, तेव्हा आधी बरण्या मोज, जागा मोज आणि तेवढीच पिल्लं वाढव. पैसे कमी मिळतील, पहिल्या वर्षी तर आर्टेमियाचा, म्हणजे पिल्लांच्या जिवंत खाण्याचा खर्चही निघणार नाही कदाचित. कॉलेजच्या फीसाठी ट्यूशन घे, खरंच सांगतो.

आणि टेरेसचा विचार सोड. एप्रिल-मेमधे तिथलं पाणी उकळल्यासारखं होतं, त्यात लाईट गेली की एअर पंप बंद. आतली खोली बघ, आईला आधी विचार, मजला किती वजन घेईल तेही बघून घे. जोडी आणायला एकटी जाऊ नकोस, दुकानदार तुला ड्रॅगनच गळ्यात मारेल. शनिवारी मी मोकळा असतो, फोन कर.

काका